गाडीची दृष्ट

"बंपर नवा, दिवा नवा. विमा कंपनीनं सगळं मंजूर केलं, वहिनी." गॅरेजवाल्या अस्लमभाईंनी किल्ली ऋजुताच्या हातात ठेवली. अपघातापासून ती नुसती मान डोलावत होती. ट्रकनं कशी धडक दिली, हे विम्याच्या माणसाला सांगतानाही शेजारणीची हकिगत सांगावी तशी बोलली होती.

सासूबाईंनी पिशवीतून मीठ-मोहऱ्या काढल्या आणि गाडीवरून ओवाळल्या.

"आजी, पत्र्याला कुठे नजर लागते?" अस्लमभाई हसले.

"गप रे." त्यांनी पुन्हा मुठी भरल्या. "आता तू उभी राहा गं, ऋजुता."

"मला कुठे काय झालंय, आई? गाडीच ठोकली गेली."

"गाडीचा पत्रा बदलून मिळाला. तू कुठून मिळाली असतीस?"

मुठी चेहऱ्यावरून फिरू लागल्या. ऋजुतानं त्या गच्च धरल्या.

"आई, मला वाटलं, मी गेलेच," ती पहिल्यांदाच म्हणाली.