पांढरा गोळा, काळा ठोकळा

मतदानाआधी होमरने भिंतीलगतची जुगाराची पाचही यंत्रं बंद केली. दिवे विझले, चाकं थांबली, गाणी थांबली. गावच्या अग्निशमन दलाच्या त्या सभागृहात गेल्या सात वर्षांत एवढी शांतता कधी झाली नव्हती. स्वयंपाकघरात कालवांची भजी तळली जात होती, त्यांचाही चुरचुराट कुणीतरी बंद केला.

सभासदांच्या रांगेत बसलेल्या नोरीनने विझलेल्या यंत्रांकडे पाहिलं. यंत्रांच्या गोंगाटावर तिची सगळी भिस्त होती.

टेबलावर जुनी लाकडी पेटी होती. भोकातून हात घालायचा आणि आत चाचपायचं. होकाराला पांढरा गोळा, नकाराला काळा ठोकळा. निवडलेला नग पेटीतल्या उतरणीवर सोडायचा. कोणी काय टाकलं ते कोणाला दिसत नसे. एक जरी काळा ठोकळा निघाला तरी ठराव पडायचा. ठराव एवढाच होता, की दलाने ही यंत्रं आणखी पाच वर्षं चालवावीत. दलाची रुग्णवाहिका त्यांच्याच कमाईतून आली होती.

पहिला हात होमरचा. गोळा घरंगळत गेला आणि तळाशी टणकन आपटला.

"ऐकलंत? आता म्हणू नका, अध्यक्ष गुळमुळीत बोलतो!" होमर म्हणाला. सगळे हसले.

मग लॉटी. घरंगळ, टण्ण. मग तिचा नवरा. घरंगळ, टण्ण. नोरीन मोजत राहिली. आठ जण झाले, आठही गोळे घरंगळत गेले. ठोकळा घरंगळत नाही, आणि आता ते सगळ्यांना ऐकू येणार होतं.

"अगं ऊठ ना नोरीन, भजी गार व्हायलीत," लॉटी म्हणाली. "का रुग्णवाहिका तुझ्या लोणच्याच्या बरण्या विकून घ्यायची होती?"

पुन्हा हशा. क्लेटनही हसला. रुग्णवाहिका तोच चालवायचा. याच हिवाळ्यात दोनदा त्याने नोरीनच्या नवऱ्याला, एल्वुडला, पाठकुळी घेऊन जिन्यावरून उतरवलं होतं आणि पुलापलीकडे चाळीस मैलांवरच्या दवाखान्यात पोचवलं होतं. एल्वुडला पुन्हा धाप लागली, तर फोन क्लेटनलाच करायचा होता. गावात दुसरं कोणी नव्हतं.

नोरीन उठली. पेटीकडे जाताना तिसरं यंत्र वाटेत लागलं. त्याच्यापुढच्या स्टुलाला एक निळी उशी बांधलेली होती. ती नोरीननेच शिवली होती, नातवंडाच्या पाळण्यासाठी. तिच्या मुलाने, डॅरिलने, तासन्तास खेळत बसायला ती इथे आणली होती. खेकडे धरायची त्याची होडी महिनाभर धक्क्यावर दिसली नव्हती; ती विकून झाली होती.

तिने हात आत घातला. बोटांना आधी गोळा लागला, गुळगुळीत आणि थंड. तो तिने उचललाही.  दुसरा हात तिने पेटीच्या झाकणावर दाबून धरला.

मग तिने गोळा परत ठेवला आणि ठोकळा उतरणीवर सोडला.

टक्.

पुढे काही घरंगळलं नाही.

कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. लॉटी पुसलेली बशी पुन्हा पुसू लागली. होमर बुटांकडे पाहत राहिला. आपल्या जागेपर्यंतची सहा पावलं नोरीनला संपता संपेनात.

आता क्लेटनची पाळी होती. तो सावकाश उठला आणि तिच्या खुर्चीजवळ येऊन थांबला.

"मावशी, एल्वुडकाका आत्ता घरी एकटेच असतील ना?"

"हो," नोरीन म्हणाली.

"बरं. यापुढे फोन मला करू नका," क्लेटन म्हणाला. त्याने कमरेची रुग्णवाहिकेची किल्ली सोडवली आणि पेटीशेजारी टेबलावर ठेवली.