फाटकी बाही

बाळंतपणानंतरचा माझा पहिलाच कबड्डीचा सामना किन्हीराजात होता. लेकीला आमची राखीव खेळाडू सांभाळत होती. एकीचा पाय मुरगळला म्हणून तीही मैदानात उतरली आणि लेकीनं भोकाड पसरलं. मी खेळ सोडून निघाले. तेवढ्यात समोरच्या संघाची, बाद होऊन बसलेली रेणू ओरडली, “दे तिले माह्याजवळ, तू खेळ!” पकडीत तिची बाही मीच फाडली होती. मी चढाईला गेले. त्यांनी धरलं, पण माझी बोटं मधल्या रेषेला टेकली. तरी पंचानं बाद दिलं; तो त्यांच्याच गावचा जावई. शिवीगाळ, धक्काबुक्की झाली. लेकीला घ्यायला धावले. मी बाद म्हटल्यावर नियमानं रेणू जिवंत झाली, परत खेळायला मोकळी; तिच्या मैत्रिणी मैदानातून बोलावत होत्या, “ये ना वं!” “कशी येऊ? आत्ताच झोपली पोट्टी.” फाटकी बाही लेकीच्या मुठीत होती. मीही रेणूला खेटून बसले.