बिबड्यांचं पीठ

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या लीलाअक्कांच्या अंगणात बायका वाळवणासाठी ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे थापत होत्या आणि विशाखाची पाच वर्षांची अबोल लेक, उत्पला, ओल्या बिबड्यांवरून धावत सुटली. "बी.ए. झाली, पन एक पोर आवरता येत नही हिले!" कुणीतरी हसलं. विशाखाने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून लेकीचा पाय खाटेला बांधला. पोरगी ओरडून ओरडून थकली, तरी विशाखा मान खाली घालून बिबडे थापतच राहिली.

पावसाळ्यात जळगावचे डॉक्टर म्हणाले, "हा हट्ट नाही बाई, याला ऑटिझम म्हणतात." तेव्हापासून वेणी घालताना विशाखा रोज लेकीची माफी मागे. लेक भिंतीकडे बघत बसे. तिला काही आठवत नसेल, अशी विशाखा स्वतःची समजूत घाली.

यंदा कुंपणापलीकडून अक्कांची हाक आली, "चाल वं माय, बिबडास्नं पीठ तयार शे!"

"यंदा मी नाही येत, अक्का," म्हणत विशाखा घरात वळली.

चिंध्यांच्या बोचक्यातून तीच पट्टी शोधून उत्पला खाटेपाशी येऊन बसली होती. तिने पाय आधीच पुढे केला होता.