घेवरचंदांचा उपवास

१९१८ च्या आश्विनात मानमोडीच्या तापाने नंदुरबार गाठले, तेव्हा पतासीबाईंनी घरात फर्मान काढले: गुळवेलीचा काढा, रोज एक वाटी, सगळ्यांनी. त्यांचे यजमान घेवरचंद मिरचीचे व्यापारी. मिरचीचा खकाणा त्यांना दिवसभर चाले, पण कडू थेंबभर सोसत नसे. त्यांनी त्याच सकाळी तेला, म्हणजे सलग तीन दिवसांचा उपवास, धरला. जैनांच्या उपवासात दिवसा उकळलेले पाणी तेवढे चालते. काढा परस्पर टळला.

 पतासीबाईंनी पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी घेवरचंदांचा चेहरा उतरला. "पाणी कडू लागतंय. आधी वाटलं, उपाशीपोटी होत असेल. आता कळलं, मला ताप चढतोय."

"कपाळ तर गार आहे."

"आतून असेल. मरण्यापेक्षा व्रत मोडलेलं बरं. आण तो काढा."

पतासीबाईंनी वाटी आणली. घेवरचंदांनी डोळे मिटून घोट घेतला आणि डोळे उघडले. "हा तर पाण्यासारखाच लागतो."

"तांब्यातही हाच होता."

"म्हणजे माझं व्रत तूच मोडलंस?"

"कसं मोडेल? आपल्या साधू महाराजसाहेबांना विचारून आले होते. गुळवेल आहारात धरत नाहीत, उपवासाला चालते."

घरातल्या बाकीच्यांनी तीन दिवसांत तीन-तीन वाट्या काढा घेतला होता. घेवरचंदांचे नऊ तांबे झाले होते.