विजेत्याचा पत्ता

मकरंदनं ऑर्कुटवरच्या आपल्या संगणकवेड्यांच्या गटात छंदांची पाहणी केली. उत्तरं टोपणनावानं द्यायची होती, सर्वांत मोठ्या गीकला टी-शर्ट मिळणार होता. चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतल्या घरी तो उत्तरं वाचून हसत होता.

"कौमुदी, ऐक! हा गडी दिवाळीपासून घराबाहेर पडलेला नाही. छंद काय, तर खिडकीतून दिसणाऱ्या पाट्यांवरून तमिळ अक्षरं शिकायची!"

"बिचारा," भाजी चिरता चिरता बायको म्हणाली.

"बिचारा कसला? हाच खरा गीक!" त्यानं लगेच पत्ता मागवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात उत्तर आलं.


"पत्ता आपल्याच घराचा. टी-शर्ट नको, मकरंद. मला आता पाट्या वाचता येतात, मी हरवणार नाही. उद्यापासून बाहेरून कुलूप लावू नकोस."