सही की अंगठा

आपल्यामागे नातीला आजोबांची पेन्शन मिळावी, म्हणून आजी पाचव्यांदा पेन्शन कचेरीच्या खिडकीशी उभी होती. कारकुनाने कागदांबरोबर शाईचं पॅडही पुढे सरकवलं.

"ते ठेव तुझ्याचकडे. मला सही येते."

पहिला कागद होता तिने पुन्हा लग्न केलं नसल्याचा.

"दरवर्षी विचारतोस. एखादं स्थळ आहे का तुझ्या पाहण्यात?" म्हणत तिने ठसक्यात सही केली.

दुसरा, नात तिच्याजवळच राहते याचा.

"नाहीतर काय तुझ्याकडे राहते?" तिथेही सही झाली.

तिसरा कागद देताना कारकून जरा घुटमळला. "आजी, नातीच्या आईच्या मृत्यूचा दाखला आहे. पण बाप हयात असला तर नातीला काही मिळत नाही. तुमचा मुलगा घरातून निघून गेल्याला आठ वर्षं झाली ना? तो आता जिवंत नाही, असं लिहून द्यावं लागेल."

आजीने शाईचं पॅड आपल्याकडे ओढलं.

"अहो, तुम्हाला तर सही येते."

"येते. त्यानेच शिकवलीय," म्हणत तिने अंगठा शाईवर दाबला.