कुबातने सांगितलेली दंतकथा

“ये कुत्र्या, बस,” बेर्मेत कुबातला किर्गिझ भाषेत गोड हसून म्हणाली आणि पाहुण्यांपुढे किमीझचे वाडगे मांडू लागली.

“काय म्हणतायत त्या?” लीस्बेथबाईंनी विचारलं.

“तुमचं स्वागत करतेय,” कुबातने इंग्रजीत सांगून टाकलं.

पर्यटकांना किर्गिझस्तानातली डोंगर-तळी दाखवत फिरवायचं, हा कुबातचा धंदा. चार वयस्क डच पाहुण्यांना गाडीत घालून तो बिश्केकहून निघाला होता. लाल कडे झाले, खिंडी झाल्या, आज सोंग-कोलचं तळं आलं. मुक्काम खरं तर पलीकडच्या काठावर ठरला होता. पण वाटेतल्या ओढ्याला पाणी चढलं आणि गाडी पार जाईना. अलीकडे पाहुण्यांना उतरवणारा तंबूंचा एकच तळ होता आणि तो नेमका त्याच्या बायकोचा, बेर्मेतचा. म्हणजे हिवाळ्यात भांडून माहेरी निघून आलेल्या बायकोचा. दारात आलेल्या पाहुण्याला परत कसं पाठवायचं, म्हणून तिने सगळ्यांना आत घेतलं. नवऱ्यालाही.

“प्या म्हणावं त्यांना,” बेर्मेत म्हणाली. हसू तसंच. “शेजाऱ्यांच्या घोडीचं दूध आंबवलंय. माझी घोडी, माझ्या बापाने दिलेली, नवऱ्याने मला न विचारता विकली. आणि ते खटारं आणलं!” तिने उघड्या दारातून बाहेर बोट दाखवलं.

चौघांच्या माना दाराकडे वळल्या. दारासमोर गाडी उभी होती. गाडीच्या मागे डोंगर होता.

कुबातला गाडीपेक्षा डोंगर सोयीचा वाटला.

“त्या डोंगराची दंतकथा सांगतेय,” तो म्हणाला. “फार पूर्वी इथे एक बाई राहायची. तिची एक पांढरी घोडी होती. नवऱ्याने ती तिला न विचारता विकली.”

“का?” लीस्बेथबाईंचे यजमान विलेम यांनी विचारलं.

“पोटासाठी. त्याला… रथ घ्यायचा होता.”

“गाढवच दिसतोय,” विलेम म्हणाले. बाकीच्यांना ते पटलं.

“काय म्हणतात?” बेर्मेतने विचारलं.

“किमीझ छान आहे म्हणतात.”

“निदान विचारायचंस तरी!” बेर्मेत पुढे सुरू झाली. “मी नाहीच म्हटलं असतं, ते सोड. पण विचारायचंस! त्या घोडीने माझ्या आईला बर्फातून दवाखान्यात नेलं होतं. आणि तू बाजारातून आलास तो किल्ली नाचवत आलास. लाज नाही वाटली?” तिचा आवाज चिरकला. हसू मात्र पाहुण्यांसाठी होतं, ते जागचं हललं नाही.

कुबात पाहुण्यांकडे वळला. “त्या घोडीने बाईच्या आईला बर्फातून वैदूकडे नेलं होतं,” तो म्हणाला. “आणि नवरा बाजारातून आला तो रथाची किल्ली नाचवत आला.”

“रथाला किल्ली?”

“जुन्या काळी असायची.”

कोपऱ्यातल्या डच म्हातारीने डोळे पुसले. विलेमनी मांडीवर थाप मारली. “मला भेटला असता ना, चांगला सरळ केला असता!”

“मग त्याने तिची माफी मागितली का?” लीस्बेथबाईंनी विचारलं.

“दंतकथेत तसं काही येत नाही.”

“यांना विचारा की. यांना माहीत असेल.”

“राहू दे. दिवसभर राबून दमलीय ती.”

“विचारा,” बाई म्हणाल्या.

कुबात बेर्मेतकडे वळला, पण नजर स्वतःच्या हातांवरच ठेवली. “त्या विचारतायत… त्याने माफी मागितली का?”

“कुणी?”

“त्या माणसाने.”

“कुठल्या माणसाने?”

कुबातने डोक्यावरची उंच पांढरी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“चुकलो, बेर्मेत,” तो म्हणाला. “विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणूनच विचारलं नाही. बाजारात ती माझ्या मागे मागे येत होती. दोरी दुसऱ्याच्या हातात होती, तरी माझ्या मागे. घरी आल्यावर तुझ्याकडे बघवेना, म्हणून किल्ली नाचवली.”

बेर्मेतच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच गेलं. मग तिने एक वाडगा भरला आणि त्याच्यापुढे सरकवला.

“पाहुण्यांदेखत कुणीही शहाण्यासारखं बोलेल,” ती म्हणाली. “हे नसताना बोलून दाखव. मग बघू.”

“मागितली का माफी?” विलेमना राहवेना.

“मागितली,” कुबात म्हणाला. “पुढचं तिलाही अजून माहीत नाही.”

उन्हं कलल्यावर तो गाडीतून सामान काढत होता. लीस्बेथबाई शाल लपेटून शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“उद्या आम्ही चौघं तळ्याकाठी पायी फिरून येऊ,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत. तुम्ही येऊ नका.”

“असं कसं? मी नसेन तर तुम्हाला डोंगरांची माहिती कोण सांगणार?”

बाईंनी समोर पाहिलं. डोंगर उन्हात तांबडा झाला होता.

“कुबात,” त्या हळूच म्हणाल्या, “हाच डोंगर तुम्ही काल आम्हाला खिंडीतून दाखवलात. काल तो झोपलेला उंट होता.”